पाहुणी पावले : माझुर्का, कथक आणि बैठकीची लावणी

लोकनृत्य आणि अभिजात नृत्य यांच्या संबंधाची चर्चा आपल्याकडे बहुधा ऋणाच्या भाषेत होते. अभिजात कलेचे मूळ मातीत आहे, ती लोककलेची ऋणी आहे, असे एकदा म्हटले की वक्त्याचे कर्तव्य संपते. ऋण मात्र तसेच राहते. वस्तुतः अवघड प्रश्न निराळाच आहे. एखादे नृत्य गावच्या अंगणातून राजाश्रयाच्या रंगमंचावर येते, तेव्हा त्यातले नेमके काय उचलले जाते : पदन्यास, ताल, वेष, की ते नृत्य ज्याच्या अंगी मुरले आहे तो माणूस? या प्रश्नाचा निकाल भावनेने लागत नाही. त्यासाठी उदाहरणे तपासावी लागतात. युरोपीय बॅलेने पोलंडच्या नृत्यांना दिलेली जागा हे त्यांपैकी फार बोलके उदाहरण आहे. ते समोर ठेवले म्हणजे लखनौचे कथक आणि महाराष्ट्राची लावणी यांच्यामधले अंतरही वेगळ्या प्रकाशात दिसू लागते.

पोलंडमध्ये पोलोनेझ, माझूर, कुयाव्हियाक, क्राकोव्हियाक आणि ओबेरेक या पाच नृत्यांना राष्ट्रीय नृत्ये म्हणण्याचा प्रघात आहे. बॅलेच्या इतिहासात सर्वांत दूरवर पोचली ती माझूर, म्हणजेच माझुर्का. तिचा ताल तीन मात्रांचा; पण जोर पहिल्या मात्रेवर स्थिर राहत नाही, तो दुसरीवर किंवा तिसरीवर सरकतो. नर्तकाच्या पायांत टाचेचे बूट असतात. तो पाय घासत पुढे जातो, मध्येच टाच आपटतो, क्वचित उडी घेऊन हवेतच टाचेवर टाच मारतो. या नृत्याची सारी ऐट जमिनीशी असलेल्या सलगीत आहे. बॅलेच्या नर्तिकेचा ध्यास याच्या नेमका उलट असतो. चवड्याच्या टोकावर उभी राहून ती जमिनीशी असलेला संबंध एका बिंदूपुरता उरवते आणि शरीराला वजनच नाही असा आभास निर्माण करते. माझुर्का आणि बॅले यांच्यात फरक आहे तो अलंकरणाचा नव्हे, शरीराने पृथ्वीशी कसे वागावे याविषयीच्या दोन धारणांचा.

अशा दोन धारणा एका रंगमंचावर आल्या तर काय व्हावे? एकोणिसाव्या शतकातील बॅलेने यावर एक सोयीस्कर तोडगा काढला. त्याने लोकनृत्यासाठी ‘कॅरेक्टर’ नृत्य नावाचे एक वेगळे दालन उघडले. तेथे बूट चालत, टाच चालत, प्रादेशिक वेष चालत. परंतु कथेचा गाभा, नायिकेचे दुःख, प्रेम आणि मृत्यू हे सारे चवड्यांवरच्या नृत्यासाठी राखून ठेवलेले असे. 1839 मध्ये फॅनी एल्सलर या ऑस्ट्रियन नर्तिकेने पॅरिसमध्ये ‘ला जिप्सी’ या बॅलेत क्राकोव्हियाक नाचून तो लोकप्रिय केला. 1870 च्या ‘कोपेलिया’चे कथानकच गॅलिशियातल्या एका गावात घडते, तिथे गावकरी माझुर्का नाचतात. चायकोव्स्कीच्या ‘स्वान लेक’मध्ये (1877, पेतिपा व इवानोव यांची मांडणी 1895) तर ही व्यवस्था उघडच दिसते. राजपुत्राच्या वाग्दानाचा समारंभ आहे, देशोदेशीचे पाहुणे आले आहेत, आणि हंगेरी, स्पेन, नेपल्स, पोलंड अशी नृत्ये एकामागून एक होतात. पाहुण्यांचे स्वागत होते, त्यांना टाळ्या मिळतात. पण घरातल्या बोलण्यात त्यांना भाग नसतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर माझुर्का तिथे विरोधलयीपुरती येते : तिच्या जडत्वाच्या पार्श्वभूमीवर हंसकन्येचे हलकेपण अधिक उठून दिसावे, एवढाच तिचा उपयोग.

हे आतिथ्य राजकारणापासून अलिप्त नव्हते. 1795 मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची अखेरची वाटणी केली आणि 1918 पर्यंत तो देश नकाशावर नव्हता. वॉर्सा झारच्या अमलाखाली असताना पीटर्सबर्गच्या राजरंगमंदिरात मात्र पोलिश नृत्य थाटाने चालू होते. ग्लिंकाच्या ‘झारसाठी प्राणार्पण’ या ऑपेराचा पहिला प्रयोग 1836 चा, म्हणजे पोलंडमधील 1830-31 चा उठाव चिरडला गेल्यानंतर जेमतेम पाच वर्षांनी झाला. त्याचा दुसरा अंक पोलिश दरबारातला. पोलोनेझ, क्राकोव्हियाक, माझुर्का यांनी तो भरून गेला आहे, आणि पुढे शत्रूची चाहूल द्यायची तर ग्लिंका पुन्हा त्याच तालांचा आश्रय घेतो. जित राष्ट्राचे नृत्य जेत्याच्या रंगभूमीवर इतके देखणे व्हावे यात एक क्रूर विसंगती आहे. तथापि ती तिथेच संपत नाही. ते नृत्य पाहून प्रेक्षागृहातल्या एखाद्या पोलिश माणसाचे काळीज हलत असेल, तर त्याला झारही मनाई करू शकत नव्हता.

या आतिथ्याचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. पीटर्सबर्गने माझुर्का घेतली ती माझुर्का जाणणाऱ्या माणसासकट. शतकाच्या मध्यास वॉर्साहून आलेला फेलिक्स क्शेशिंस्की हा पोलिश नर्तक तिथे कित्येक दशके नाचला. माझुर्का म्हणजे क्शेशिंस्की असे समीकरण होऊन बसले, आणि त्याची कन्या मातिल्दा हीच पुढे त्या रंगमंदिराची अग्रनर्तिका झाली. पाहुण्याला मुख्य दालनात जागा नव्हती हे खरे. पण त्याचे नाव पत्रिकेवर होते, वेतन होते, मान होता. अर्थात याचे श्रेय केवळ बॅलेच्या औदार्याला देता येणार नाही. माझूर जरी शेतकऱ्याच्या अंगणात जन्मली, तरी रंगमंचावर येण्यापूर्वीच ती पोलिश सरदार-जमीनदारांच्या वाड्यांत रुळली होती. तिच्यावरचा शेणामातीचा वास अगोदरच कुणीतरी धुऊन काढला होता. या बारकाव्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. लावणीच्या संदर्भात तोच कळीचा ठरतो.

पाहुणा घरचा झाला तर काय होते, याचे उत्तर मिखाईल फोकीनच्या ‘शोपिनियाना’त मिळते. 1904 च्या डिसेंबरात इसाडोरा डंकन पीटर्सबर्गला आली आणि तिने शोपँच्या रचनांवर अनवाणी नृत्य केले. शोपँने पन्नासहून अधिक माझुर्का लिहिल्या आहेत. त्या नाचण्यासाठी नाहीत, नाच आठवण्यासाठी आहेत. 1907 मध्ये फोकीनने शोपँवरच एक नृत्यमालिका रचली. तिच्यात पोलोनेझ होता तो पोलिश वेषात, आणि माझुर्का होती ती एका पोलिश लग्नाच्या प्रसंगात : म्हाताऱ्याशी लावून दिलेली वधू आपल्या प्रियकराबरोबर निघून जाते. त्याच मालिकेतल्या एका वॉल्ट्झमध्ये ॲना पावलोवा पांढऱ्या तलम झग्यात नाचली. पुढल्याच वर्षी फोकीनने सारी मालिका मोडून त्या एका वॉल्ट्झच्या रंगात नव्याने बांधली. वेष गेले, लग्न गेले, बूट गेले. उरले ते चांदण्यातले पांढरे थवे. 1909 मध्ये पॅरिसने हीच कृती ‘ले सिल्फीद’ या नावाने डोक्यावर घेतली. तिच्यात माझुर्का आजही आहेत. एकीत तर नर्तिका लांबलांब झेपांनी रंगमंच ओलांडून जाते. ताल पोलंडचा आहे, पाय मात्र जमिनीवर ठरतच नाहीत. कृती निःसंशय श्रेष्ठ आहे. पण माझुर्केला मुख्य दालनात प्रवेश मिळाला तो तिने आपले वजन दाराबाहेर ठेवल्यावर.

तिसरी वाट क्वचितच कुणी चोखाळली. ब्रोनिस्लावा निजिन्स्का ही पोलिश नर्तक-दांपत्याची मुलगी. 1923 मध्ये तिने स्त्राविन्स्कीच्या ‘ले नोस’साठी रशियन शेतकऱ्यांचे लग्न रचले. तिने लोकनृत्याला बॅलेसारखे केले नाही, बॅलेलाच जड केले. तिच्या नर्तिका चवड्यांवर उभ्या राहतात, पण हलके दिसण्यासाठी नव्हे. ती टोके जमिनीत खुंटीसारखी रुतावीत म्हणून. पाहुण्यामुळे घराची चाल बदलली, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

फोकीनच्या कथेतली इसाडोरा मराठीत आली ती रोहिणी भाटे यांच्या हातून. तिच्या आत्मचरित्राचा त्यांनी ‘मी इसाडोरा’ या नावाने अनुवाद केला. बॅलेशी उभा दावा मांडणाऱ्या स्त्रीचे चरित्र अनुवादावेसे एका कथक नर्तिकेला वाटावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली. त्यांचे गुरू लच्छू महाराज लखनौ घराण्याचे, आणि दुसरे गुरू मोहनराव कल्याणपूरकर यांनी लखनौच्याच संगीत महाविद्यालयात अध्यापन केलेले. ते महाविद्यालय 1926 मध्ये उभे राहिले ते विष्णु नारायण भातखंडे या मराठी वकिलाच्या खटपटीने. लखनौमध्ये मानकनगर नावाची वस्ती आहे. रेल्वेचे अभिकल्प आणि मानके ठरवणारी संस्था 1957 पासून तिथे काम करते. रूळ, डबे, पूल यांची मापे तिथे निश्चित होतात. रागांना मापे लावण्याचे काम त्याच शहरात एका मराठी माणसाने तीस वर्षे आधी आरंभले होते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. मानकाचा गुण असा की वस्तू कुठेही नेली तरी ती जुळते. दोष असा की जे मापात बसत नाही ते नोंदलेच जात नाही.

कथकाची घडण बॅलेसारखी नाही. इथे लोकनृत्यासाठी वेगळे दालन नव्हते, कारण मधली भिंतच नव्हती. वाजिद अली शाहच्या दरबारातला रहस हा व्रजातल्या रासाचा अवतार. गतीतली पनघटावर निघालेली स्त्री, घुंगट सावरणारी स्त्री, होरी आणि कजरी हे सारे गावातूनच आले आणि इतके पचले, की आज त्यांना पाहुणे म्हणता येणार नाही. मुख्य म्हणजे कथकाचा पाय सपाट, अनवाणी आणि घुंगरू बांधलेला आहे. लावणीचा पायही तसाच. टाच आणि चवडा यांचा जो झगडा माझुर्केला बॅलेत सोसावा लागला, तो इथे उद्भवतच नाही. तरीसुद्धा कथक आणि लावणी यांच्यामध्ये जी दरी मानली जाते, ती पायात नसेल तर कुठे आहे?

बैठकीची लावणी घ्यावी. गाणारी स्त्री बसलेली आहे. ढोलकी आहे, पण ती फडावरच्यासारखी गर्जत नाही. एकच ओळ ती पुन्हापुन्हा घेते. एकदा डोळ्यांनी, एकदा मनगटाच्या वळणाने, एकदा नऊवारीच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळीत, आणि दर खेपेस ओळीचा अर्थ बदलतो. रुसवा थट्टेत जातो, थट्टा विनवणीत. लखनौला शंभू महाराज बसून ठुमरीचा भाव दाखवीत, तेव्हा रसिक ज्या गुणासाठी त्यांना दाद देत, तो गुण नेमका हाच. इथे एक कला लोकांची आणि दुसरी अभिजात, असे म्हणायला अंतर्गत पुरावा कोणताच नाही. रचनेच्या बाजूनेही नाही : राम जोशी, होनाजी बाळा, परशराम यांच्या लावण्यांतली भाषेची कारागिरी कोणत्याही दरबारी काव्याच्या पंगतीत बसेल. दोन्हींचा काळही फार दूरचा नाही. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, अवधची नबाबी 1856 मध्ये. पोलंडप्रमाणेच ही दोन्ही राज्ये गेली आणि मागे नाच राहिला.

फरक पडला तो वारसदारांत. बुडालेल्या पोलंडमध्ये माझूर सरदारांच्या घरी होती, म्हणून ती राष्ट्राचे प्रतीक झाली. लखनौमध्ये ठुमरीचा भाव तवायफांच्या कोठ्यांवर जितका वाढला तितकाच महाराजांच्या घराण्यात. पुढे घराण्याला नाव मिळाले आणि कोठ्यांचे नाव उच्चारेनासे झाले. लावणीला असे घराणेच नव्हते. ती कोल्हाटी आणि तत्सम समाजांतल्या स्त्रियांच्या अंगी राहिली, आणि ज्या पांढरपेशांनी होनाजीची संहिता पाठ्यपुस्तकात घेतली, त्यांनी ती म्हणणारीला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले. आज कथकाच्या कार्यक्रमात लावणी सादर होते, तेव्हा ती सोज्वळ करून घेतल्याचे निवेदन अभिमानाने केले जाते. सोज्वळ म्हणजे काय हे विचारले पाहिजे. ‘ले सिल्फीद’मधल्या माझुर्केचे निदान तसे रूप एका श्रेष्ठ कलावंताच्या दृष्टीतून झाले; इथे बहुधा केवळ संकोचातून होते. नजर खाली येते, ओळीचा दुसरा अर्थ गाळला जातो, ढोलकीच्या जागी तबला येतो आणि उरते ती लावणीची चाल तेवढी. क्शेशिंस्कीला वगळून माझुर्का घेण्यासारखेच हे आहे.

वाईच्या यमुनाबाई वाईकर 2018 मध्ये निवर्तल्या. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1977 मध्ये मिळाला, रोहिणी भाटे यांना 1979 मध्ये. वाई आणि पुणे यांत काही तासांचेच अंतर. एकीने बसून ओळीचे दहा अर्थ दाखवले, दुसरीने गुरूंकडून आलेली तीच विद्या शास्त्राच्या आधाराने पुढे नेली. यमुनाबाईंचा पुरस्कार लोककलांच्या सदरात आहे, भाटे यांचा कथकाच्या.