निसर्गदेवीचा कौल कुणी लिहिला?

एक मोठी मीटिंग रूम. लांबलचक टेबलाभोवती बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर तोंडी परीक्षेआधीची घालमेल. तेवढ्यात ती आत येते. खुर्ची ओढून बसते आणि थेट हिशेब मागते. ही निसर्गमाता आहे, समोर ॲपल कंपनीचे अधिकारी आहेत आणि त्यांच्यात सीईओ टिम कुकही आहेत. २०३० पर्यंत आमच्या सगळ्या वस्तूंचा हवामानावरचा निव्वळ परिणाम शून्यावर आणू, असं कुक सांगतात. ती विचारते, सगळ्या? ते म्हणतात, सगळ्या. ती त्यांच्याकडे रोखून बघते. मग तिचं समाधान होतं आणि पुढच्या वर्षी येईन, असं बजावून ती निघून जाते.

‘मदर नेचर’ ही सुमारे पाच मिनिटांची फिल्म ॲपलनं सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ च्या कार्यक्रमात दाखवली. निसर्गमातेचं काम ऑक्टाव्हिया स्पेन्सर या ऑस्कर विजेत्या अभिनेत्रीनं केलं आहे. मी ती फिल्म तेव्हा पाहिली, हसलो आणि पुढे ढकलली. नंतर दोन-तीनदा परत पाहिली, तेव्हा हसू कमी होत गेलं.

जाहिरातीची समीक्षा कशाला करायची, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, करायलाच हवी. कंपन्यांची ‘सामाजिक जबाबदारी’ हा आता लेखनाचा एक प्रकार झाला आहे. दरवर्षी निघणारे शंभरेक पानांचे अहवाल, त्यातले हिरवे फोटो, ‘प्रवास’ आणि ‘वचनबद्धता’ हे ठरलेले शब्द. हा प्रकार सहसा इतका कंटाळवाणा असतो, की तो कुणी वाचत नाही आणि म्हणून त्याला प्रश्नही कुणी विचारत नाही. ॲपलनं त्याच मजकुराचं नाटक केलं. नाटक म्हणून ते चांगलं आहे. संवाद चटपटीत आहेत, स्पेन्सरबाईंचं टायमिंग अचूक आहे आणि बलाढ्य कंपनी स्वतःला थोडं हास्यास्पद होऊ देते. आपल्याला ते आवडतं, कारण मोठा माणूस वरमला की आपण त्याला लगेच माफ करतो.

पण देवीला प्रश्न विचारायची पद्धत आमच्याकडेही आहे. कोकणात देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या किंवा कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही. कौलावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, त्याची रचना बघा. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. डावा कौल मिळण्याची धास्ती असते, म्हणून तर उजव्या कौलाला किंमत असते.

‘मदर नेचर’मध्ये पाकळी कंपनीनं आधीच चिकटवून ठेवली आहे. देवीचे प्रश्न कंपनीनं लिहिले, तिचा रागही कंपनीनं लिहिला आणि शेवटचा होकारही. आरोपीनं स्वतःच्या खर्चानं न्यायाधीश नेमावा, आणि न्यायाधीश कडक वाटेल याची काळजीही घ्यावी, तशातला हा प्रकार. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांचं काम एवढंच, की गाऱ्हाण्यातल्यासारखं ‘होय महाराजा’ म्हणायचं.

मग खऱ्या कौलात कोणता प्रश्न आला असता? माझ्या मते अगदी साधा: हा फोन किती वर्षं टिकेल? कंपनीच्याच पर्यावरण अहवालांनुसार आयफोनमुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ८० टक्के उत्सर्जन तो तयार होतानाच होतं. आपण वर्षानुवर्षं चार्जिंग करतो, त्याचा वाटा त्या मानानं किरकोळ. म्हणजे सगळ्यात पर्यावरणपूरक फोन तो, जो बनवावाच लागला नाही, कारण जुना अजून चालतोय. दरवर्षी सप्टेंबरमध्ये नवा फोन घेऊन स्टेजवर येणाऱ्या कंपनीसाठी हे वाक्य अवघड आहे. ते फिल्ममध्ये नाही.

या कंपनीचा या बाबतीतला इतिहासही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिनं कबूल केलं, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ती सॉफ्टवेअरमधून कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, हे तिचं स्पष्टीकरण होतं. पण ग्राहकांना ते सांगितलं नव्हतं, म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली तिला २.५ कोटी युरोंचा दंड झाला. बॅटरी बदलली की फोन पुन्हा नीट चालणार होता. ते माहीत नसलेल्या किती जणांनी नवा फोन घेतला असेल?

त्याच २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गायब झाला. कारण पर्यावरण: खोका लहान, वाहतूक कमी, कचरा कमी. हे खोटं नाही. पण चार्जर वेगळा विकत मिळत होता, आणि केबलच्या ज्या टोकाची फोनशी गाठ पडते ते या कंपनीचं जगावेगळं होतं. युरोपीय संघ सगळ्या फोनना एकच पोर्ट हवा म्हणत होता, तेव्हा अशा सक्तीनं नव्या कल्पनांना खीळ बसेल, असा कंपनीचा आक्षेप होता. शेवटी २०२२ मध्ये युरोपनं कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ ही मुदत दिली. आयफोनला यूएसबी-सी पोर्ट आला तो आयफोन १५ पासून, म्हणजे ज्या कार्यक्रमात निसर्गमाता येऊन गेली त्याच कार्यक्रमात. घरातल्या केबलींचा गुंता कमी करणारा हा निर्णय तिच्या धाकानं झाला नव्हता, ब्रुसेल्समधल्या रटाळ कायद्यानं झाला होता. त्या कायद्यावर फिल्म कोण काढणार?

फिल्मचा क्लायमॅक्स म्हणजे कंपनीचं पहिलं ‘कार्बन न्यूट्रल’ उत्पादन, घड्याळ. ते बनवताना उत्सर्जन बरंच कमी केलं होतं, आणि उरलेलं भरून काढायला निसर्गाधारित प्रकल्पांतून कार्बन क्रेडिट घेतले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या न्यायालयानं सांगितलं, की या घड्याळाची अशी जाहिरात करता येणार नाही, ती ग्राहकांची दिशाभूल आहे. पॅराग्वेतल्या ज्या निलगिरी लागवडीवर दाव्याची भिस्त होती, तिथल्या ७५ टक्के जमिनीचे भाडेकरार २०२९ मध्येच संपत होते. पुढे झाडं राहतील याची हमी नव्हती. कार्बन हवेत शतकानुशतकं राहणार आणि झाडं भाड्याच्या जमिनीवर. हा हिशेब निसर्गमातेनं मागितला नाही. जर्मनीतल्या एका पर्यावरण संघटनेनं मागितला. खटला भरून.

इथवर वाचून कुणी म्हणेल, सगळं ढोंगच तर! तसं मला म्हणायचं नाही. २०१५ च्या तुलनेत आपलं उत्सर्जन ६० टक्क्यांहून जास्त घटलं, असं कंपनीचा २०२५ चा अहवाल सांगतो. पुरवठादारांना स्वच्छ विजेकडे वळवणं हे जाहिरातीपुरतं काम नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कांदळवनांच्या संरक्षणासाठी कंपनीनं २०२१ साली पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनला अनुदान दिलं. खारबांध फुटला की खाडीचं पाणी शेतात शिरतं आणि जमीन जाते, हे तिथल्या माणसाला कुणी समजावायला नको. तिथे उभं राहिलेलं प्रत्येक तिवर मोलाचं आहे, पैसे कुणाचेही असोत.

माझा आक्षेप वेगळा आहे. अनुदान देणाऱ्याला ते थांबवताही येतं. जबाबदारी तशी नसते, ती दुसरा कुणीतरी मागू शकतो. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नं ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. चांगलंच झालं. पण त्यातून ‘सीएसआर’चा एक अर्थ आपल्या डोक्यात घट्ट बसला: शाळेला बाक, गावाला टाकी, भिंतीवर लोगो. २ टक्के कुठे गेले हे आपण विचारतो. उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, हे विचारायचं राहून जातं.

‘मदर नेचर’चं यश नेमकं इथे आहे. ती पाहताना वाटतं, की कुणीतरी आपल्या वतीनं विचारलं, झालं. पण आपल्या वतीनं कुणी विचारलेलंच नसतं. त्या खोलीत फोन जुळवणारी कामगार नव्हती, काँगोतल्या खाणीत कोबाल्ट खणणारा नव्हता आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर बॅटरी बदलून देणारा पोरगाही नव्हता. खरं तर फोनचं आयुष्य दोन वर्षांनी वाढवणारा तो पोरगा हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात पर्यावरणपूरक माणूस. त्याला सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती सहज मिळावी, एवढी एक मागणी त्या टेबलावर आली असती, तर मी ही फिल्म डोक्यावर घेतली असती.

पुढच्या वर्षी येईन, असं म्हणून ती निघून गेली होती. यायचं असेल तर यावं. फक्त तिचे प्रश्न या वेळी दुसऱ्या कुणीतरी लिहावेत, आणि पाकळी डावी पडायचीही मुभा असावी.