उत्तर एक, चुका दोन

५२ मधून २७ वजा करायला सांगितले आणि मुलाने ३५ लिहिले. हे उत्तर दोन वाटांनी येते. एका मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला : ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. दुसऱ्याने एक दशक सुटा करून १२ मधून ७ नीट वजा केले; पण दशकाच्या घरातील ५ चे ४ करायचे राहिले. उत्तर एकच, शिकवायचे मात्र वेगळे. शिकणाऱ्याच्या समजेनुसार वागणारा चॅटबॉट, म्हणजे प्रश्नोत्तरे करणारी संगणक-प्रणाली, पारखायची ती येथेच.

नोव्हेंबर २०२० मध्ये, शाळा बंद असताना, राज्याच्या एससीईआरटीने ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर इयत्ता व माध्यम निवडायचे आणि दर आठवड्याचे प्रश्न सोडवायचे. त्यामुळे सराव घरी पोचला, ही मोलाची गोष्ट. पण सुरुवात इयत्तेपासून होती. पाचवीतील मुलाची वजाबाकी दुसरीच्या पायरीवर अडलेली असू शकते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. शिवाय नुसते गुण मोजले, तर वरील दोन्ही मुले सारखीच ठरतात.

यावरचा उपाय जुना आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये ‘बग्गी’ या संगणक-कार्यक्रमाविषयी लिहिले. त्यात संगणक ठरावीक चूक करणारा विद्यार्थी बनतो आणि भावी शिक्षकाने उदाहरणे देऊन ती चूक हुडकायची असते. मर्म आहे ते पुढचा प्रश्न निवडण्यात. आपल्या दोन मुलांना ५४ वजा २८ द्या. पहिला ३४ लिहील, दुसरा ३६. २६, ३४ आणि ३६ हे पर्याय ठेवले, तर बहुपर्यायी प्रश्नही निदान करू शकतो.

आजच्या भाषा-प्रतिमानांवरील चॅटबॉटला ‘पाचवीच्या मुलाला समजेल असे सांग’ म्हटले की वाक्ये सोपी होतात. पण सोपे शब्द म्हणजे नेमके निदान नव्हे. कारण न शोधता सोप्या भाषेत रीत पुन्हा सांगितली, तर मूल होकार देते आणि चूक तशीच राहते.

वाडीसारख्या, आयुध निर्माणी आणि गोदामांच्या परिसरात आणखी एक पेच आहे. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला वजाबाकी येते, पण ‘कितीने कमी’ हा मराठी शब्दप्रयोग अडवतो. अशा मुलाला यंत्राने गणितात मागे टाकले, तर तो अन्यायच. तोच प्रश्न आधी नुसत्या अंकांत विचारला, तर अडचण भाषेची की गणिताची, हे लगेच कळते.

म्हणून कोणताही चॅटबॉट वर्गात आणण्यापूर्वी त्याला मुद्दाम ३५ हे उत्तर द्या. तो लगेच रीत सांगू लागला, तर त्याला मुलाची ‘पातळी’ कळते असे समजू नका. ‘हे कसे काढलेस?’ असे त्याने विचारले किंवा चूक उघड करणारे दुसरे उदाहरण दिले, तर त्याचा उपयोग होईल.