शेवटाच्या जागी जाहिरात
मार्व्हलची २०२४ची कॉमिक मालिका ‘ब्लड हंट’ संपली तेव्हा मी अंक मिटून बराच वेळ चडफडत होतो. व्हॅम्पायरांनी सूर्य झाकला, खुद्द त्यांचा शिकारी ब्लेड उलटला, शहरं अंधारात बुडाली. आणि सुटका कशी? डॉक्टर स्ट्रेंज सर्वोच्च जादूगाराचं पद खलनायक डॉक्टर डूमच्या हवाली करतो, डूम ते परत देत नाही. पाच अंक पैसे मोजून आपण २०२५च्या ‘वन वर्ल्ड अंडर डूम’ची जाहिरात वाचली.

तरी अशा मालिकांच्या कथेतली भोकं मोजत बसणाऱ्यांशी माझं भांडण आहे. डीसीच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’नंतर १९८७मध्ये वंडर वुमन नव्यानं जगात आली आणि तिनंच लहानपणी आगीतून वाचवलेली डॉना ट्रॉय अधांतरी लोंबकळली. भोक मोठंच, पण ते मागाहून पडलं. ‘क्रायसिस’मध्ये लेखक-चित्रकार वुल्फमन-पेरेझनी मारलेली सुपरगर्ल वाचकाला खरोखर गेल्यासारखी वाटली होती.

चीड येते ती डीसीच्याच १९९१च्या ‘आर्मागेडन २००१’ची. आपल्यातला कोणता नायक पुढे मोनार्क नावाचा हुकूमशहा होणार, एवढ्या एका प्रश्नावर ती उभी होती. उत्तर कॅप्टन ॲटम ठरलेलं. ते फुटलं, आणि डीसीनं ऐनवेळी हॉक या दुसऱ्याच नायकाला मोनार्क करून टाकलं. ज्यानं नीट वाचून बरोबर ओळखलं, त्यालाच खोटं पाडलं. मार्व्हलच्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’बद्दल तर काय बोलावं! दहा अंकांची वाताहत भूतकाळात निरोप धाडून पुसली.

आता जोनाथन हिकमनची २०१५ची ‘सिक्रेट वॉर्स’ घ्या. सगळी विश्वं संपल्यावर उरलेल्या तुकड्यांचा डूम देव होतो आणि आपला जुना वैरी रीड रिचर्ड्स याची बायको-मुलं आपली म्हणून नांदवतो. शेवटी दोघे समोरासमोर येतात. हेच सामर्थ्य रीडच्या हाती असतं तर त्यानं अधिक चांगलं जग घडवलं असतं, हे डूमच्या तोंडून बाहेर पडतं, आणि तिथंच सगळ्याचा निकाल लागतो. ठोशानं नाही, आयुष्यभर जळत राहिलेल्या माणसाच्या कबुलीनं. मग डूमचा विद्रूप चेहरा बरा झालेला दिसतो. एसाद रिबिचनं रंगवलेलं ते हसू मी कितीदा पाहिलं असेल! मालिका रखडली, आठाचे नऊ अंक झाले, शेवटचा अंक जानेवारी २०१६ला येण्याआधीच मार्व्हलनं पुढच्या जगाच्या मालिका दुकानात मांडल्या. जग वाचणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी शेवट भिडला. कारण डूम काय कबूल करणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून संपादकांनो, भोकं बुजवायच्या मागे लागू नका. बॅटमनचा मेलेला साथीदार जेसन टॉड जिवंत कसा, तर सुपरबॉय-प्राइमनं वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले म्हणून! त्यापेक्षा भोक उघडं राहू द्या. शेवटचा अंक लिहून हाती पडल्याशिवाय पहिला छापू नका, आणि वाचकानं ओळखलेलं उत्तर बदलू नका. पुढच्या मालिकेची पानं वेगळी छापा, आम्ही तीही विकत घेऊ. पण स्ट्रेंजनं पद सोडलं तेव्हा त्याला काय वाटलं, ते त्याच अंकात, त्याच रात्री सांगा.