रात्रीची दारू, सकाळची गोळी

मद्यपानाने ढळलेला संप्रेरकांचा तोल दुसऱ्या दिवशी जस्त, मॅग्नेशियम, जीवनसत्त्वे यांच्या गोळ्यांनी सावरतो, असा प्रचार पूरक आहाराचे विक्रेते करतात. तोल ढळतो हे खरे. तो गोळी सावरते काय, हे आपण तपासून पाहू.

मूत्रपिंडांनी पाणी राखून ठेवावे, असा निरोप व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक देते. मद्यामुळे त्याचे स्रवणे कमी होते. म्हणून लघवी वाढते आणि सकाळी घशाला कोरड पडते. मद्य बरेच घेतले असेल, तर पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनची पातळीही काही काळ खाली येते. यकृतातील विकरे मद्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड व मग ॲसिटेट करतात. हे काम संपले, की निरोगी माणसात एका रात्रीचे हे बदल आपोआप ओसरतात. गोळी घेणाऱ्याला संध्याकाळी बरे वाटते, तसे ते न घेणाऱ्यालाही वाटते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळते!

जस्ताच्या बाजूने आनंद प्रसाद व सहकाऱ्यांचा १९९६ सालचा अभ्यास सांगता येतो. चार तरुणांना सुमारे वीस आठवडे जस्त कमी असलेला आहार दिल्यावर त्यांचे टेस्टोस्टेरॉन बरेच घटले. जस्ताची थोडी कमतरता असलेल्या वृद्धांना सहा महिने जस्त दिल्यावर ते जवळजवळ दुप्पट झाले. अभ्यास मोलाचा आहे. पण प्रश्न जस्ताच्या कमतरतेचा होता, मद्याचा नव्हता, आणि अवधी महिन्यांचा होता. रिकामा रांजण भरता येतो, भरलेल्यात ओतलेले पाणी सांडते. शिवाय दीर्घकाळ जादा जस्त घेतल्यास शरीरात तांब्याची कमतरता होऊ शकते.

दारूनंतरच्या त्रासावरील, म्हणजे 'हँगओव्हर'वरील उपायांच्या २१ चाचण्यांचा आढावा ब्रिटनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक चाचणीत तुलनेसाठी एका गटाला औषधहीन नकली उपाय दिलेला होता. तरीही एकूण पुरावा अतिशय हलक्या प्रतीचा ठरला. आठ चाचण्यांत फक्त पुरुष होते, आणि एकच उपाय दोन चाचण्यांत तपासलेला आढळला नाही. त्याआधी जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हँगओव्हर बरा करण्याचे दावे करणाऱ्या सात कंपन्यांना इशारापत्रे पाठवली होती.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. रात्रीचा हिशेब सकाळी चुकता होतो, अशी समजूत ही गोळी तरुणांच्या मनात रुजवते. वर्षानुवर्षांच्या मद्यपानाने यकृत आणि वृषण यांना होणारी इजा अशी चुकती होत नाही.

शिक्षकांनी अशी एखादी जाहिरात वर्गात जरूर न्यावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगावे: प्रयोग कोणावर केला? किती काळ केला? आणि गोळी न घेणाऱ्यांचे काय झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सहसा सापडत नाही.