तलवार आणि गीत : टॉल्कीनच्या रोहन-राज्यातील सन्मान व लिंगभाव

१

जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील रोहन हे अश्वारोहींचे राज्य कल्पित असले, तरी त्याची घडण स्वैर कल्पनेतून झालेली नाही. प्राचीन इंग्रजी भाषा व साहित्य यांचे प्राध्यापक असलेल्या या लेखकाने ‘बेओवुल्फ’सारख्या काव्यातून दिसणाऱ्या वीरसमाजाला अश्वविद्येची जोड देऊन हे राज्य उभे केले आहे. तेथील व्यक्तिनामे प्राचीन इंग्रजीतून घेतलेली आहेत. राजसभेत स्त्रीच्या हातून होणारे चषकदान, राजा आणि त्याचे योद्धे यांना बांधणारी शपथ आणि मरणोत्तर गीतातून उरण्याची आस ही सारी त्याच समाजाची अंगे होत. साहजिकच रोहनमधील स्त्रीचा विचार हा एका पात्राच्या स्वभावचित्रणाचा विचार राहत नाही. एखादी संस्कृती सन्मान या मूल्याची वाटणी कोणत्या तत्त्वावर करते, असे त्या प्रश्नाचे रूप होते.

राजा थेओडेनची भाची एओविन पुरुषवेशात रणांगणावर जाते, कोणा पुरुषाच्या हातून मरण नसलेल्या नाझगूलांच्या अधिपतीचा वध करते आणि बरी झाल्यावर शस्त्र खाली ठेवून रोगनिवारणाचा मार्ग स्वीकारते. या शेवटच्या वळणासंबंधी समीक्षेत दोन तट पडलेले आहेत. एका वाचनानुसार बंडखोर स्त्रीला अखेर विवाहाच्या चौकटीत बसवून पुरुषसत्ताक व्यवस्था निर्धास्त होते. दुसऱ्या वाचनानुसार मृत्यूची ओढ सोडून एओविन जीवनाकडे वळते आणि हा तिचा विकास आहे. ही दोन्ही वाचने परस्परविरोधी असली, तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. तलवार हेच सन्मानाचे चिन्ह आणि ते हाती असणे वा नसणे हाच स्त्रीच्या स्थानाचा निकष, असे दोन्ही मानतात. संहितेचे बारकाईने वाचन केल्यास हे गृहीतक टिकत नाही. रोहनमध्ये स्त्रीला तलवार नाकारलेली नाही. तिला नाकारलेली आहे ती कीर्ती.

२

युद्धावर निघताना आपल्या पश्चात प्रजेचे नेतृत्व कोणी करावे, असे थेओडेन सभेला विचारतो. लोकांचा विश्वास एओर्लच्या घराण्यावर आहे, असे द्वारपाल हामा सांगतो. एओमेरला मागे ठेवता येणार नाही आणि तोच या घराण्यातला अखेरचा, असे राजा म्हणतो. तेव्हा हामा त्याची चूक दाखवतो. घराण्यात एओविनही आहे, आणि ती निर्भय आहे. राजा ते तत्काळ मान्य करतो व तिच्या हाती तलवार आणि चिलखत देतो. हा प्रसंग दोन गोष्टी एकाच वेळी उघड करतो. स्त्रीने शस्त्र धारण करणे व राज्य चालवणे या समाजाला अशक्य वाटत नाही. तिची योग्यता एका द्वारपालालाही ठाऊक आहे. परंतु घराण्यातील माणसे मोजताना राजाच्या मनात ती येतच नाही. स्मरणातून होणारे हे वगळणे निषेधाहून अधिक सूक्ष्म आहे.

ड्यूनहॅरो येथे एओविन आणि ॲरागॉर्न यांच्यात होणारा संवाद याच दिशेने वाचावा लागतो. ॲरागॉर्नचा युक्तिवाद वरवर लिंगनिरपेक्ष आहे. तिने जबाबदारी स्वीकारलेली आहे. तिच्या जागी एखादा सेनानी नेमला असता, तर त्यालाही ती टाकून जाता आले नसते. कोणी पाहणारे नसताना आणि कोणी गाणारे उरणार नसताना दाखवलेले शौर्य कमी प्रतीचे नसते, असेही तो सुचवतो. एओविनचे उत्तर या निरपेक्षतेचा बुरखा फाडणारे आहे. घर राखण्यासाठी दर वेळी तिचीच निवड का व्हावी, हा तिचा प्रश्न आहे. पुरुष रणात सन्मानाने पडल्यावर, ज्या घराची त्यांना गरज उरली नाही त्या घरासह जळून जाण्याची मुभा तेवढी स्त्रीला राहते, असे ती बोलून दाखवते. ॲरागॉर्नचा नियम एका प्रसंगापुरता न्याय्य आहे; पण तो नियम पिढ्यान्‌पिढ्या कोणाला लागू होतो, हे पाहिले की त्यातील अन्याय दिसू लागतो.

मराठीत ‘अब्रू’ आणि ‘कीर्ती’ हे दोन शब्द सन्मानाच्या दोन वेगळ्या बाजू दाखवतात. अब्रू असलेली जपायची असते, कीर्ती नसलेली मिळवायची असते. अब्रूला डाग लागतो, कीर्तीचा विस्तार होतो. पहिलीचा भार बहुधा स्त्रीवर पडतो, दुसरीचा अधिकार पुरुषाकडे जातो. रोहनच्या चित्रणात पहिल्या बाजूची छाया अगदीच नाही असे नाही. ग्रीमाची एओविनवर असलेली लोभी दृष्टी हे एओमेरच्या संतापाचे एक कारण आहे. परंतु एओविनची स्वतःची तक्रार त्याविषयी नाही. तिला भय वाटते ते पिंजऱ्याचे. सवयीने आणि वार्धक्याने गजांची खंतही नाहीशी होईल आणि थोर कृत्याची शक्यता कायमची मावळेल, हे ते भय आहे. भावाला तिच्या अब्रूची चिंता आहे. तिला स्वतःच्या कीर्तीची.

३

ही विषमता एका पात्राच्या अनुभवापुरती मर्यादित नाही, हे राजघराण्याच्या वंशावळीवरून दिसते. एडोरासच्या वाटेवर राजांच्या समाधीटेकड्यांच्या दोन रांगा आहेत. पहिल्या शाखेच्या नऊ, दुसऱ्या शाखेच्या थेओडेनसह आठ. पहिली शाखा हेल्म हॅमरहँडपाशी खुंटते, दुसरी थेओडेनपाशी. दोन्ही वेळा वंश पुढे जातो तो बहिणीच्या मुलाकरवी. हेल्मनंतर त्याची बहीण हिल्ड हिचा मुलगा फ्रेआलाफ राजा होतो. थेओडेननंतर त्याची बहीण थेओडविन हिचा मुलगा एओमेर. मामा-भाच्याच्या नात्याला असलेले हे महत्त्व टॉल्कीनने जर्मानिक परंपरेतून घेतले आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने त्याची नोंद केली आहे आणि बेओवुल्फ हाही राजा हिगेलाकचा भाचाच आहे. रोहनची राजसत्ता दोनदा तुटते आणि दोनदा स्त्रीमुळेच सांधली जाते. परंतु टेकड्यांच्या रांगांत त्या स्त्रियांची खूण नाही. स्त्री हा वंशाचा पूल आहे, वंशाचा टप्पा नव्हे.

कादंबरीच्या परिशिष्टातील हेल्मच्या मुलीचे उदाहरण याहून बोलके आहे. फ्रेका नावाचा सरदार आपल्या मुलासाठी तिला मागणी घालतो. अपमानातून हेल्म त्याला एका ठोशात ठार करतो. त्यातून युद्ध पेटते आणि हेल्मचे दोन्ही मुलगे मरतात. एवढ्या घडामोडींचे निमित्त झालेल्या या मुलीला परिशिष्टात नावही नाही, आणि तिचे पुढे काय झाले हेही सांगितलेले नाही. २०२४ साली आलेल्या ‘द वॉर ऑफ द रोहिरिम’ या चित्रपटाने तिला हेरा हे नाव दिले, हाती शस्त्र दिले आणि कथेच्या केंद्रस्थानी आणले. तेथेही सिंहासन मात्र परिशिष्टाला अनुसरून फ्रेआलाफकडेच जाते. तलवार देणे सोपे असते, वारसा देणे अवघड, हे या रूपांतरातून नकळत अधोरेखित झाले आहे.

४

पेलेनॉरच्या रणभूमीवर एओविन डेर्नहेल्म हे नाव धारण करून येते. या नावातील ‘डेर्न’ या प्राचीन इंग्रजी शब्दाचा अर्थच गुप्त असा आहे. कीर्तीची आस असलेल्या स्त्रीला कीर्तीच्या मैदानात निनावी होऊनच शिरावे लागते, हा येथील मूलभूत विरोधाभास होय. नाझगूलासमोर ती हा विरोधाभास मोडते. ती हसते, आपण स्त्री असल्याचे सांगते आणि लगेच एओमुंडची कन्या अशी स्वतःची ओळख देते. आपला स्वामी व आप्त आणि त्याचा वैरी यांच्यामध्ये ती उभी राहते. तिचे हे आत्मकथन व्यक्तिस्वातंत्र्याची घोषणा नसून कुलाच्या आणि स्वामिनिष्ठेच्या भाषेत केलेला हक्काचा दावा आहे. ज्या मूल्यव्यवस्थेने तिला वगळले, तिच्याच शब्दांत ती आपले स्थान मागते.

हा दावा ऐकायला मात्र कोणी नाही. वीरकीर्तीला साक्षीदार लागतो, आणि येथे शुद्धीवर असलेला साक्षीदार एकच आहे : हॉबिट मेरी, म्हणजे या संस्कृतीबाहेरचा लहानखुरा परका. थेओडेन काही अंतरावर मरणोन्मुख पडलेला आहे. आपल्याला मुलीहून प्रिय असलेली एओविन आता पुन्हा दिसणार नाही, याचे दुःख तो व्यक्त करतो. ती येथेच आहे, हे मेरी सांगू पाहतो. पण त्याचे बोलणे मध्येच तुटते आणि राजा अजाणताच मरतो. पीटर जॅक्सन यांच्या २००३ सालच्या चित्रपटात मात्र थेओडेन तिला ओळखतो आणि ती त्याचा निरोप घेते. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा बदल समाधानकारक असला, तरी त्यामुळे कादंबरीतील कठोर सत्य पुसले जाते. ज्या कुलप्रमुखाच्या मान्यतेने तिचे कृत्य कुलाच्या सन्मानात जमा व्हायचे, तो शेजारी असूनही ते पाहू शकत नाही. हामाच्या प्रसंगात राजाला ती आठवली नव्हती. येथे ती त्याला आठवते, पण दिसत नाही.

५

कादंबरीतील दोन अवज्ञांची तुलना येथे उपयुक्त ठरते. एओमेर राजाच्या अनुमतीविना शत्रूचा पाठलाग करतो, परक्यांना घोडे देतो. त्याला बंदिवास होतो आणि पुढे मुक्तता मिळते. त्याची अवज्ञा हा राजकीय आचार मानला जातो. त्यावर दंड आणि क्षमा असे न्यायाचे उपाय योजले जातात. एओविन सोपवलेला कारभार सोडून जाते. तिला कोणी जाब विचारत नाही. तिची अवज्ञा दुखण्याच्या भाषेत वाचली जाते. तिचा हात मोडला आहे, नाझगूलाच्या संपर्काने आलेले आजारपण खरे आहे, हे मान्यच. परंतु तिच्या शय्येपाशी गॅन्डाल्फ एओमेरला जे ऐकवतो, त्यानुसार हे दुखणे रणातील जखमेहून जुने आहे. भावाला घोडे आणि मोकळी राने होती. तितक्याच धैर्याच्या बहिणीला मात्र एका वृद्धाचा मानहानीकारक ऱ्हास पाहत त्याची शुश्रूषा करावी लागली. स्त्रीच्या कोंडमाऱ्याची इतकी स्पष्ट मीमांसा कादंबरी स्वतःच करते, ही तिची जमेची बाजू होय. पण निदान व्यवस्थेचे आणि उपचार व्यक्तीवर, अशी फारकतही तेथेच सुरू होते.

या उपचाराला अवनती म्हणता येणार नाही. टॉल्कीनच्या मूल्यव्यूहात रोगनिवारण ही राजाची खूण आहे. ॲरागॉर्नची ओळख पटते ती त्याच्या हाताच्या गुणावरूनच. शिवाय युद्धकीर्तीविषयी लेखकाला मूलतःच शंका आहे. ९९१ सालच्या मॉल्डनच्या लढाईवरील काव्यासंबंधी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात त्याने नामनेत्याच्या अभिमानापायी अनुयायांचा बळी देणाऱ्या सरदाराला दोष दिला आहे. फॅरामिरही रोहनच्या लोकांना युद्ध हेच मूल्य वाटते अशी टीका करतो आणि तलवारीवर तिच्या धारेसाठी प्रेम करण्याचे नाकारतो. एका जुन्या टिपणात एओविन थेओडेनला वाचवताना वा त्याचा सूड घेताना मरावी, असा विचार लेखकाने नोंदवला होता. तो मजकूर १९८९ साली ‘द ट्रीझन ऑफ आयसेनगार्ड’ या खंडात प्रसिद्ध झाला. तसे घडते, तर रोहनने तिला गीतात निःशंक जागा दिली असती. तिला जिवंत ठेवणे हीच त्या सन्मानकल्पनेवरील टीका होय.

मात्र ही टीका समान वाटली गेलेली नाही. शस्त्र खाली ठेवण्याचा निर्णय रोहनमध्ये एओविनखेरीज दुसरे कोणी घेत नाही. परिशिष्टानुसार एओमेर राजा झाल्यावरही ॲरागॉर्नबरोबर दूरदूरच्या रणांत घोडे दौडवत राहतो, आणि त्याबद्दल गौरवच पावतो. युद्धकीर्ती हा संस्कृतीचा रोग असेल, तर त्यातून बरे होण्याचे काम एकट्या स्त्रीवर पडते. आणि तेही ज्या क्षणी ती कीर्ती तिच्या हाती आली, त्याच क्षणानंतर. तिचे नवे जीवन फुलते ते फॅरामिरच्या इथिलियनमध्ये, रोहनबाहेर. रोहनला रोगनिवारिणीचा सन्मान करता येईल काय, या प्रश्नाची परीक्षा कादंबरीत होतच नाही. तिची भूमी तिला स्मरते ती परिशिष्टातील एका उपाधीने : ढाल धरणाऱ्या हाताची स्वामिनी. जो हात मोडला, तेवढाच गीतात उरला. ज्या हातांनी तिने राजाची शुश्रूषा केली आणि पुढे रुग्णांची केली, त्यांच्यासाठी त्या गीतात शब्द नाही.