‘स्तनपान’ आणि ‘पाजणे’ : प्रचारभाषेचे एक परीक्षण

१९९२ पासून दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. अमरावती व अकोला जिल्ह्यांत हेच दिवस निंदणाच्या घाईचे असतात. कपाशी-सोयाबीनच्या तासांत वाकून तण काढणाऱ्या मजूर स्त्रियांत तान्ह्या मुलांच्या आयाही असतात. मातेचा गौरव करणारे फलक आणि त्या मातेचा प्रत्यक्ष दिवस यांची अशी एकाच आठवड्यात गाठ पडते. या फलकांची भाषा म्हणूनच तपासण्याजोगी आहे.

प्रचारसाहित्यात ‘स्तनपान करणारी माता’ ही शब्दयोजना वारंवार आढळते. व्याकरणदृष्ट्या ती सदोष होय. ‘पान’ म्हणजे पिणे. स्तनपान करते ते मूल, माता ते करविते. शासकीय परिभाषेतील ‘स्तनदा’ हा शब्द हा दोष टाळतो; परंतु तो मातेला केवळ दात्री ठरवितो. दान दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते, आणि ते घडले नाही तर दोषही दात्याकडेच जातो. ‘हिला दूध येत नाही’ हा बाळंतिणीला लागणारा बोल याच समजुतीतला आहे.

लोकभाषा येथे अधिक सूक्ष्म आहे. ‘पान्हा’ (संस्कृत ‘प्रस्नव’) फुटतो, दाटतो, आटतो. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. पान्हा इच्छेच्या स्वाधीन नसतो, हे त्यांत गृहीत आहे. शरीरशास्त्रही तेच सांगते. मुलाच्या चोखण्याने मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते व दूध वाहू लागते. वेदना आणि चिंता यांनी त्या क्रियेस अडथळा येतो.

लोकव्यवहार सर्वत्र शहाणा होता, असे मात्र नव्हे. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजात बाळंतिणीचा चीक टाकून देऊन बाळाला मध चाटविण्याची रूढी होती. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घ्यावे आणि सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, हा वैद्यकीय उपदेश त्यामुळेच मोलाचा ठरतो. प्रश्न उपदेशाचा नसून तो कोणाला केला जातो, याचा आहे.

‘लेकराले पाजू दे’ हे वऱ्हाडी वाक्य या दृष्टीने पाहावे. ‘पाजणे’ हे ‘पिणे’चे प्रयोजक रूप, त्यात मूल आणि आई दोघेही येतात. परंतु ‘दे’ या आज्ञार्थात तिसरी व्यक्ती उभी आहे : मुकादम, शेतमालक किंवा सासू. वेळ तिच्या हाती आहे. ‘स्तनपान’ व ‘स्तनदा’ या दोन्ही शब्दांतून नेमकी हीच व्यक्ती गळून पडते.

बसस्थानकांवरील व कार्यालयांतील ‘हिरकणी कक्ष’ या नावातही तोच प्रकार घडतो. रायगडावर दूध विकून तान्ह्याकडे परतू पाहणाऱ्या गवळणीची ही आख्यायिका कडा उतरण्याच्या धैर्याने गाजली. दरवाजा बंद होता, हे कथेचे मूळ कारण स्तुतीत मागे पडले. १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून २ वेळा पाजण्याची सवड देण्याचे बंधन मालकावर घातले. तेथे तिसरी व्यक्ती स्पष्टपणे आली. परंतु रोजाने वा उक्त्याने निंदणाऱ्या स्त्रीच्या धुऱ्यापर्यंत ती तरतूद पोचली नाही.

सप्ताहाच्या फलकांनी मातेची थोरवी कमी सांगितली तरी चालेल. त्यांतील वाक्ये मुकादमाला, मालकाला व घरच्या वडीलधाऱ्यांना उद्देशून, आणि वऱ्हाडीत लिहिली जावीत.