नियत, नोकरी आणि इस्लामचा अभ्यास



परवा एक तरुण संशोधक घरी आला होता. हातात प्रश्नावली. विद्यापीठात इस्लामचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना यशाची प्रेरणा कुठून मिळते, हा विषय. उत्तरासाठी चार चौकटी: आवड, नोकरी, घरच्यांची इच्छा, धर्मनिष्ठा. एकीवर खूण करायची. मी म्हटलं, बाबा रे, मी जन्मभर तत्त्वज्ञान का शिकवलं, हेच मला एका चौकटीत बसवता येणार नाही.

या पद्धतीवर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, सिद्धांत अर्धाच उचललाय. डेसी आणि रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५च्या ग्रंथात आतली प्रेरणा आणि बाहेरची प्रेरणा असा भेद मांडला, खरंय. पण बाहेरून आलेलं कारण माणूस हळूहळू आपलंसं करतो, हेही त्यांचंच म्हणणं. वडिलांनी सांगितलं म्हणून अरबीला नाव घातलेली पोरगी दुसऱ्या वर्षी व्याकरणात रमते. तिनं खूण कुठं करायची?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे विद्यार्थी जी परंपरा शिकतात, तिनं या प्रश्नाचा विचार केव्हाच केलाय आणि प्रश्नावलीला त्याचा पत्ता नाही. बुखारींच्या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस कर्माचं मोल नियतीवर ठरतं असं सांगते. इथं नियती म्हणजे दैव नव्हे बरं का! 'त्याची नियत साफ नाही' असं आपण म्हणतो ना, ती नियत. शब्द अरबीच आहे.

गझालींचं उदाहरण घ्या. १०९१ साली बगदादच्या निझामिया मदरशात ते मुख्य अध्यापक झाले. कीर्ती, मान, सगळं होतं. आपण शिकवतो ते कशासाठी, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर आलं, नावलौकिकासाठी. १०९५ साली ते बगदाद सोडून गेले. पण जाताना मुलाबाळांच्या निर्वाहापुरतं मागं ठेवलं. पुढं ११०६च्या सुमारास ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. काम तेच, नियत बदललेली. म्हणजे पोटापाण्याची चिंता आणि शुद्ध हेतू यांचं वैर असतं, असं गझालींनीही मानलं नाही.

आपल्या शेजारी पवनारला विनोबा होते. १९१६ साली इंटरची परीक्षा सोडली, प्रमाणपत्रं जाळली. पुढं कुराण मुळातून वाचायला अरबी शिकले आणि 'कुराणसार' सिद्ध केलं. मोठीच गोष्ट. पण मोमिनपुऱ्यातल्या, घरभाड्याची विवंचना असलेल्या पोराला हे उदाहरण देऊन नोकरीचा विचार सोड म्हणणं हा अन्याय आहे. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून अरबी, फारसी आणि पाली वगळल्या गेल्या. वाट आपण बंद करायची आणि मग प्रेरणा कमी का झाली म्हणून त्यांनाच विचारायचं!

आता माझीच चूक सांगतो. एका तोंडी परीक्षेत मी एका विद्यार्थिनीला विचारलं होतं, 'हे शिकून पुढं काय मिळणार?' ती म्हणाली, 'सर, माझी आजी रोज कुराण वाचते. तिला अर्थ येत नाही. मला तिला तो सांगायचाय. आणि सर, नोकरीही हवीय.' मी गप्प झालो. दर्शनशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न असा खोचकपणे विचारला होता? एकालाही नाही. इस्लामच्या विद्यार्थ्यानं आपल्या अभ्यासाचा खुलासा द्यावा, असं माझ्या मनानं गृहीत धरलं होतं. तिथं तपासायची ती माझी नियत होती.

म्हणून त्या संशोधकाला मी दोन गोष्टी सांगितल्या. चौकटी काढून टाक, मुलांना सविस्तर बोलू दे. आणि एक प्रश्न वाढव: 'तुझ्या शिक्षकांनी तुला काय विचारलं?'

बरं, आता तुम्ही विचारा.